घरची मंडळी

त्या मंगळवारी मिलचा तीनचा भोंगा झाला तेव्हा हरणाबाई अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. आकारामची आई शेजारी काठी घेऊन बसली होती, शेवयांवर कावळे बसू नयेत म्हणून. पण तिचं लक्ष कावळ्यांकडं नव्हतं, रस्त्याकडं होतं. आज घरी विमेवाला येणार होता, आणि कावळा परवडला पण तो माणूस नको, असं तिचं मत होतं.

"मानूस मेला की पैसं देनार म्हनं," ती पुटपुटली. "कोन कुनाला फुकट देतंय गं? आन् मरनार हाय ह्ये त्येला आधीच कसं कळलं?"

"कळलंय आसं न्हाई, आत्याबाई. झालं तर, म्हंत्यात."

"झालं तर? आगं, दिवेलागणीला आसं बोलू ने, एवढं तरी कळतंय का न्हाई तुला?"

दिवेलागणीला अजून तीन तास होते. पण सुनेला गप्प करायचं असलं की आपल्याकडं कुठलीही वेळ दिवेलागणीचीच असते.

आता घराची हकिकत सांगतो, म्हणजे वाचकांना कळेल की कशावरून एवढं रामायण झालं. आकाराम लढाईत फौजेच्या मोटारी दुरुस्त करत होता. सेहेचाळीस साली सुटून आला आणि माधवनगरच्या मिलमध्ये बॉयलरवर लागला. फौजेतून आणलेली शिल्लक आणि हरणाबाईच्या पाटल्या मोडून आलेले पैसे त्यानं घरबांधणी सोसायटीत भरले, उरलेल्या रकमेचं कर्ज काढलं आणि दोन खोल्या, एक पडवी एवढं घर बांधलं. घर बांधलं खरं, पण ते वीस वर्षं सोसायटीकडं गहाण. हप्ते फिटायच्या आधी आकारामला काही झालं, तर सोसायटी घर लिलावात काढणार आणि हरणाबाई दोन पोरींना घेऊन रस्त्यावर येणार. मुलगा नव्हता. बॉयलरवरच्या माणसाचं काय सांगावं? मागच्याच दिवाळीत वाफेचा एक नळ फुटून आकारामचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून हरणाबाईच्या जिवाला थारा नव्हता.

विमेवाले लालासाहेब साताऱ्याचे. सायकलला पत्र्याची पेटी बांधून ते सांगलीपर्यंत फिरत. त्यांचं म्हणणं सोपं होतं. हप्त्याबरोबर महिन्याला सव्वादोन रुपये जादा भरायचे. माणूस गेला, तर राहिलेलं कर्ज कंपनी फेडणार आणि घर मोकळं होऊन कागदावर ज्याचं नाव असेल त्याच्या ताब्यात जाणार. हरणाबाईनं हे शेजारणीच्या घरी ऐकलं, आणि चार महिने धीर करून करून नवऱ्याला सांगितलं.

सांगितलं म्हणजे काय, विस्तवात हात घातला. सासू आठ दिवस तिच्या हातचं जेवली नाही. बायको नवऱ्याच्या मरणाचा हिशेब मांडून बसलीय, ही गोष्ट गल्लीभर झाली. आकारामचा थोरला भाऊ जोतीराम मिलमध्ये मुकादम होता आणि मागच्या ओळीत भाड्याच्या खोलीत राही. त्यानं तर चारचौघांत सांगितलं, "लुटारू हायत सगळं. आन् बाईमानसाच्या डोक्यात ह्ये कोन घालतं, त्ये बघ आधी."

तरी एकदा ऐकून तर घेऊ, म्हणून आकारामनं लालासाहेबांना बोलावलं होतं. त्या मंगळवारी मात्र लालासाहेबांच्या सायकलमागोमाग जोतीराम स्वतः चालत आला. पान खाल्लेलं, तोंडावर हसू.

"मी ईचार केला रं आकाराम," तो पडवीत टेकत म्हणाला. "घे इमा. आपल्या मान्सांची सोय हुती."

हरणाबाई दाराआड उभी होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण आठ दिवसांपूर्वी लुटारू म्हणणारा माणूस आज एवढा गोड कसा झाला, ही शंका तिच्या मनात येऊन बसली ती बसलीच.

लालासाहेबांनी पेटीतून कागद काढला. "आज शिसपेन्सिलीनं भरतो. रविवारी येतो तवा शाईनं पक्का करू. सोसायटीचा नियम हाय, पत्नीचा अंगठा लागतोय आन् घरातल्या एकाची साक्ष." मग एकेक प्रश्न सुरू झाले. वय, उंची, पूर्वी काही आजार. आकारामची आई प्रत्येक प्रश्नाला कपाळावर हात मारत होती. शेवटी लालासाहेब सातव्या रकान्यावर आले.

"तुमच्या पश्चात घर कुनाला द्यायचं?"

आकारामनं मान खाली घातली. समोर आई, शेजारी थोरला भाऊ. "आता कुनाला म्हंजे... आमच्या मंडळीला."

"नाव?"

आकारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इटलीत तोफांखाली गाड्या दुरुस्त करणारा हा गडी, पण आई आणि भावासमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हटल्यावर त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"लिवा की, घरची मंडळी," जोतीराम पटकन म्हणाला. "मिलमधलं सगळं तसंच लिवत्यात. नाव कशापायी चव्हाट्यावर आनताय बाईचं?"

लालासाहेबांची पेन्सिल क्षणभर थांबली. मग चालली. सातव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरची मंडळी'.

दाराआड हरणाबाई, काय सांगावं, लाजली. बारा वर्षांच्या संसारात त्यानं तिला "आगं ए" म्हणून हाक मारली होती, "कुठं मेलीस" म्हणून मारली होती. आज परक्या माणसासमोर, कागदावर, मंडळी म्हणाला. घर तिला द्यायचं म्हणाला. ती गुळाचा खडा घेऊन बाहेर आली आणि लालासाहेबांच्या पुढं पाण्याच्या तांब्याबरोबर ठेवून गेली. सासूनं विमेवाला गेल्यावर तो बसला होता तिथं गोमूत्र शिंपडलं, तरी हरणाबाईला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिनं ही गोष्ट मनुबाईला सांगितली. मनुबाई म्हणजे गुंडाची बायको. गुंडा मिलमध्ये विणकर होता, दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेला. मनुबाई आता मिलमध्ये कापसाची धूळ झाडते. राहते स्वतःच्याच घराच्या मागच्या पडवीत, सरपणाशेजारी. घरात तिचा दीर राहतो. असं का, हे हरणाबाईनं तिला कधी विचारलं नव्हतं. विधवा बाई पडवीतच राहायची, त्यात विचारायचं काय?

"रकान्यात काय लिवलं म्हनालीस?" मनुबाईनं घागर नळाखालून बाजूला घेतली.

"मंडळी." हरणाबाई हसली. "घरची मंडळी."

मनुबाई हसली नाही. नळ तसाच वाहू दिला तिनं.

"आमच्याबी कागदावर तसंच हुतं," ती म्हणाली. "ह्यो इमेवाला, ह्योच रकाना. त्येंनी मलाच म्हनून सांगितलं हुतं गं. त्ये गेल्यावर सोसायटीत पंच बसलं. मंडळी म्हंजे कोन? पंच म्हनालं, मंडळी म्हंजे घरातली सगळी मान्सं. सगळ्यांत थोरला कोन? दीर. दिऊन टाकलं घर दिराला, आन् मला त्येच्या पदरात टाकलं. सांभाळ म्हनालं."

"पंच कोन हुतं?"

मनुबाईनं तिच्याकडं बघितलं. "तुला ठावं न्हाई? तीन हुतं. त्येंच्यात तुजं थोरलं दीर हुतं."

हरणाबाईची घागर भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं. लुटारू म्हणणारा माणूस गोड का झाला, ते आता तिला कळलं. भाड्याच्या खोलीत दोन मुलगे घेऊन राहणाऱ्या जोतीरामला एका शब्दात घर मिळत होतं, आणि तो शब्द त्यानंच पुढं सरकवला होता.

वाचकहो, आपण बायकोला मंडळी म्हणतो. केवढं भारदस्त वाटतं! एकटी बाई, आणि तिला अनेकवचन! पण ह्या अनेकवचनाची गंमत अशी की वेळ आली की त्यात दीर बसतो, पुतणे बसतात, चुलते बसतात, आणि जिच्यासाठी तो शब्द वापरला ती तेवढी उठून पडवीत जाते. हा मान आहे की फसवणूक, तुम्हीच सांगा. मला तर ह्याची चीड येते.

आकाराम पाळीवरून आला, जेवायला बसला. हरणाबाईनं भाकरी वाढली आणि मनुबाईची सगळी हकिकत सांगितली.

"तर कागदावर माझं नाव लिवा," ती म्हणाली. "मंडळी नगं."

आकारामचा घास हातातच राहिला. "कोन शिकिवतंय तुला ह्ये?"

"कुनी न्हाई."

"दादा माझा थोरला भाऊ हाय. बाप गेल्यावर त्येनं मला सांभाळलं. त्येच्यावर आळ घेतीस? आन् एवढं नावबिव पायजे कशाला? मी मरनारच हाय आसं धरून चाललीयास का तू? आधी इमा, आता नाव. उद्या काय मागशील?"

हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजलेल्या हाताला चार महिने लोणी लावणारी ती, रोज भोंगा वाजला की दारात येऊन रस्ता बघणारी ती. आणि त्याच माणसानं तिला हे विचारावं! संशयाचं भूत एकदा घरात आलं की ते जेवणाच्या ताटापर्यंत येतं.

"तुमी शंभर वर्सं जगा," ती म्हणाली. "पर माझ्या लेकी पडवीत न्हाई झोपायच्या."

तो अर्धा जेवून उठला. पुढचे तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सासू सुनेवर नजर ठेवून होती. ती चहात काही घालते का, इथपर्यंत म्हातारीची मजल गेली. शुक्रवारी तिनं आकारामचा चहा आधी स्वतः पिऊन बघितला. हसू नका. त्या घरात तेव्हा कोणाला हसू येत नव्हतं.

रविवार उजाडला. लालासाहेब शाईची दौत घेऊन आले. जोतीराम साक्षीला म्हणून धुतलेला पटका बांधून आधीच हजर. आकाराम बाजेवर, त्याची आई उंबऱ्याशी. लालासाहेबांनी पेन्सिलीवरून शाई फिरवायला सुरुवात केली. सातव्या रकान्याशी आले तसा आतून आवाज आला.

"थांबा."

हरणाबाई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी उघड्या तोंडानं उभी राहिली नव्हती.

"त्या कागदावर मंडळी लिवलं तर माझा अंगठा मिळायचा न्हाई."

"आकाराम, आत पाठीव हिला," जोतीराम म्हणाला.

"भावजी, मला एकच सांगा. गुंडाभावजींच्या कागदातली मंडळी कोन निगाली?"

जोतीरामचं तोंड उतरलं. "त्ये... त्ये पंचांनी ठरिवलं."

"तुमी पंच हुता." मग ती लालासाहेबांकडं वळली. "आन् त्यो कागद तुमीच भरला हुता. व्हय का न्हाई?"

लालासाहेबांनी टाक दौतीत ठेवला. "व्हय, बाई. मीच." मग म्हणाले, "मला नाव कुनी सांगितलं न्हाई. मीबी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई."

ज्या बाईचं घर गेलं तिच्या मिलवरून हा गृहस्थ दोन वर्षं सायकलनं जात होता, आणि मंगळवारी पुन्हा तोच शब्द त्याच पेन्सिलीनं लिहीत होता. विमा उतरवणं चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्यांदा न विचारणं हे पाप आहे, आणि ते तुम्हीआम्ही सगळे रोज करतो.

"आता ह्यांनी माझं नाव घ्यावं," हरणाबाई म्हणाली. "तुमच्यादेखत. मग अंगठा."

आकारामनं भावाकडं बघितलं.

"बायकोचा बैल झालास तर मिलमध्ये तोंड दाखवायची सोय ऱ्हानार न्हाई, गड्या," जोतीराम खालच्या आवाजात म्हणाला.

हरणाबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग पदर सावरला आणि जे ह्या मुलखातल्या कुठल्या बाईनं उखाण्यात लपवल्याशिवाय घेतलं नसेल, ते नाव तिनं उघड घेतलं.

"आकाराम! ह्ये माझ्या मालकांचं नाव. मी घेतलं. आता तुमी माझं घ्या."

आकारामची आई हात उगारून ताडकन उठली. "आगं भवाने! नवऱ्याचं आयुक्ष कमी करतीस?"

"आत्याबाई, नाव घिऊन आयुक्ष कमी हुत आसंल, तर मिलचा हजेरीवाला रोज सकाळी ह्यांचं नाव घेतोय. त्येला कवा बोलला न्हाई तुमी." हरणाबाई एक पाऊल पुढं आली. "मला ह्यांचं मरान नगं हो. मला फकस्त पडवी नगं. तुमाला तर ठावं हाय पडवी कशी आसती."

म्हातारीचा उचललेला हात तसाच राहिला.

ठाऊक होतं तिला. खंडाळ्याकडच्या गावात नवरा गेला तेव्हा जोतीराम बारा वर्षांचा, आकाराम चारचा. दीर म्हणाले होते, घर कुठं जातंय, मंडळी सगळी एकत्रच आहे. आणि एकत्र असलेल्या मंडळींनी तिला गोठ्याला लागून एक सोपा, म्हणजे पडवीच, दिला होता. तिथं शेणाच्या वासात नऊ वर्षं लोकांचं दळून तिनं दोन पोरं वाढवली. ही गोष्ट पोरांना ठाऊक होती. सुनेला कधी सांगितली नव्हती. गोठ्याचं आकारामनंच कधीतरी बायकोला सांगितलं असेल.

ती जोतीरामकडं वळली. "तू पंच हुतास?"

"आये, कायद्यानं बघितलं तर..."

"तू त्या गोठ्यात झोपलायस माझ्याजवळ. रातभर म्हशी लाथा मारायच्या भितीला, तू रडायचास. आन् तूच त्या बाईला पडवी दिलीस?"

जोतीराम खाली बघायला लागला. म्हातारी त्याच्याकडं अशी बघत होती की आठ दिवस सुनेवर रोखलेल्या संशयाच्या नजरेला आता योग्य माणूस सापडला होता.

"ऊठ तिथनं. साक्ष तू न्हाई करायची." मग आकारामकडं बघून, "आन् तू रं? तोंडात काय धरून बसलायस? घे की तिचं नाव."

आकारामनं घसा खाकरला. दोनदा ओठ हलले. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"हरणाबाई," तो म्हणाला. आणि एकदा म्हटल्यावर, जरा मोठ्यानं, "लिवा. हरणाबाई. माझी बायकू."

लालासाहेबांनी खोडरबरानं 'घरची मंडळी' पुसलं. नीट पुसलं, पुसून फुंकर मारली. मग शाईनं एकच नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. हरणाबाईनं अंगठा उमटवला. उमटवताना ती रडत होती, पण अंगठा सरळ उमटला. आकारामनं आपल्या पटक्याच्या शेवानं तिच्या अंगठ्याची शाई पुसली, आईसमोर आणि भावासमोर. जोतीराम केव्हा निघून गेला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"साक्षीदार राहिला," लालासाहेब म्हणाले.

"मी हाय की," म्हातारी बाजेवर येऊन बसली.

"नाव सांगा, आजी."

"आकारामची आई."

"तसं न्हवं. तुमचं सोताचं नाव."

म्हातारीनं आकारामकडं बघितलं. त्याला काही सांगता येईना. लहानपणापासून ती त्याची आई होती, आणि त्याआधी कोणाची तरी सून, कोणाची तरी मंडळी. हरणाबाई पदराचं टोक चावत उभी होती; बारा वर्षं एका चुलीवर रांधून तिनंही ते कधी विचारलं नव्हतं.

"लय दिस झालं कुनी हाक मारून," म्हातारी सावकाश म्हणाली. मग ताठ बसली. "धोंडुबाई. लिवा. धोंडुबाई."

लालासाहेबांनी लिहिलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवून बघितलं, ओली शाई बोटाला लागली, ती तिनं पुसली नाही.

"झालं? मंग पेटी बांधू नगा," धोंडुबाई म्हणाली. "उद्या सकाळी सोसायटीत मनुबाईचा कागद काढायचा. भरनारं तुमी येनार, आन् माझा ल्योक पंच हुता, त्येला कान धरून मी आननार. मंडळी म्हंजे कोन, त्ये मी सांगती समद्यांना."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या भोंग्याला तीन बायका सोसायटीच्या पायरीवर बसलेल्या लोकांनी पाहिल्या. मनुबाईचा निकाल अजून लागायचा आहे. त्या अजून दर सोमवारी तिथं बसतात.

आता मला माझं सांगितलं पाहिजे. ह्या गोष्टीत विमेवाल्याचं नाव मी तो घरात शिरण्याआधी तुम्हाला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मेलेल्या विणकराचंही सांगितलं. आणि जी पहिल्या ओळीपासून अंगणात बसली होती, तिला मी 'आकारामची आई' म्हणत आलो, 'सासू' म्हणत आलो, 'म्हातारी' म्हणत आलो. मला तिचं नाव विचारावंसं वाटलं नाही, आणि तुम्हालाही मध्येच थांबून ते विचारावंसं वाटलं नसेल. लालासाहेबांच्या पेन्सिलीला दोष देणारे आपण कोण?

हे वाचून झालं की पेटी उघडा. घराचा, शेताचा, विम्याचा, जो असेल तो कागद काढा आणि त्यात कोणाचं नाव आहे ते बघा. 'मंडळी' दिसलं तर आत हाक मारा. नाव घेऊन मारा.